पैसे देऊन आलेला पाहुणा

मराठी भाषेत पाहुणा आणि गिऱ्हाईक हे दोघे एका दाराने आत येत नाहीत. पाहुणा पुढच्या दाराने येतो, पाय धुतो, बाजेवर टेकतो, आणि ‘कसं काय येणं केलं?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वीच त्याच्या हातात पाण्याचा तांब्या येतो. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीशी थांबते, भाव विचारते, घासाघीस करते आणि चालू लागते. पाहुण्याने निघताना पैसे पुढे केले तर यजमानाचा अपमान होतो. गिऱ्हाइकाने ते केले नाहीत तर चार माणसे जमतात. या दोघांची गाठ सहसा पडत नाही, म्हणूनच आपला संसार सुरळीत चाललेला असतो.

आता मात्र या दोघांना एकाच देहात घालून एकाच बाजेवर झोपवणारा एक धंदा आपल्याकडे निघाला आहे. इंग्रजीत त्याला ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणतात. एखाद्या कुटुंबाने आपल्या घरातली एकदोन खोल्या प्रवाशांना द्याव्यात, सकाळी खाऊ घालावे आणि त्याचे ठरलेले पैसे घ्यावेत, एवढाच त्याचा अर्थ. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने याची योजना केली आणि तिला नाव दिले ‘निवास व न्याहारी’. सरकारी भाषांतराची आपण पुष्कळ थट्टा करतो. पण ज्या कोणाला इथे ‘न्याहारी’ हा शब्द सुचला त्याला मी दुरून नमस्कार करतो. शहरात आपण नाश्ता करतो. न्याहारी ही शेताची. ती फडक्यात बांधली जाते, डोक्यावरून बांधावर जाते, आणि दोन तास काम झाल्यावर खाल्ली जाते. काम केलेल्याची ती न्याहारी, असा त्या शब्दाचा मनातला अर्थ आहे. काम न केलेल्या माणसाला ती घालायची आणि वर पैसे घ्यायचे, म्हणजे हिशेब कसा बसवायचा? हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. तो हिंगोली जिल्ह्यातल्या एका चुलीपुढे आला.

माझे कचेरीतले एक जुने सहकारी नोकरी संपल्यावर आपल्या गावी जाऊन राहिले आहेत. गाव नरसी नामदेव आणि औंढा नागनाथ यांच्या मधल्या टापूत, कयाधू नदीपासून फार लांब नाही. घरी पंच्याऐंशी वर्षांचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात. शेती पाहणारे थोरले बंधू अण्णा. अण्णांची मंडळी, म्हणजे माझ्या वहिनी. आणि अण्णांचे चिरंजीव. हे चिरंजीव कृषी पदविका घेऊन दोन वर्षे पुण्यात एका कंपनीत राबले आणि परत आले. परत आले ते एक कल्पना घेऊन. शेतातल्या आखाड्यालगत दोन खोल्या बांधायच्या आणि प्रवाशांना द्यायच्या. आखाडा म्हटल्यावर वाचकांनी पहिलवान डोळ्यांपुढे आणू नयेत. आमच्या परभणी-हिंगोलीकडे शेतातल्या वस्तीला, जिथे गुरे बांधतात, कडबा रचतात आणि सालगडी राहतो, त्या जागेला आखाडा म्हणतात. कळमनुरी तालुक्यात तर आखाडा बाळापूर नावाचे एक मोठे गावच आहे.

खोल्या झाल्या. चिरंजिवांनी मला फोन केला, “काका, तुम्ही आमचे पहिले गिऱ्हाईक व्हा. पैसे देऊन राहा, आणि जे चुकेल ते तोंडावर सांगा.” फुकट राहायला बोलावणारे पुष्कळ भेटतात, पैसे देऊन राहायला बोलावणारा हा पहिलाच. मी २०२५ च्या फेब्रुवारीअखेर पूर्णा-अकोला मार्गावरच्या हिंगोली स्टेशनात उतरलो. या स्टेशनाचे नाव पाटीवर ‘हिंगोली डेक्कन’ असे आहे. निजामी राज्य १९४८ सालच्या सप्टेंबरात गेले, मीटरगेजही २००८ साली गेली, हे ‘डेक्कन’ मात्र अजून फलाटावर उभे आहे.

जीपमधून जाताना चिरंजिवांनी मला आपल्या धंद्याचे सगळे शास्त्र ऐकवले. बारामतीजवळच्या माळेगावी पांडुरंग तावरे यांनी २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा प्रयोग केला, आणि तो पाहून राज्यभर शेतकऱ्यांनी अशी केंद्रे काढली. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने त्याचे धोरण मंजूर केले. एक एकर शेती असली तरी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. २०२३ साली स्त्रियांसाठी वेगळे पर्यटन धोरण आले, त्याचे नावच ‘आई’. पर्यटनाचा धंदा करणाऱ्या बाईने पंधरा लाखांपर्यंत कर्ज काढले तर ठरावीक मर्यादेत व्याजाचा परतावा मिळतो. पुण्यामुंबईच्या आसपास या धंद्याने चांगले मूळ धरले आहे. शनिवारी मोटारी भरून माणसे येतात, हुरडा खातात, बैलगाडीत बसून छायाचित्रे काढतात आणि रविवारी परत जातात.

“पण इथे कोण येणार?” मी विचारले.

चिरंजिवांजवळ याचेही उत्तर तयार होते. औंढ्याला ज्योतिर्लिंग आहे. नरसीला नामदेवांचे जन्मस्थान म्हणून देशभरातून, अगदी पंजाबातूनही भाविक येतात. ही माणसे दर्शन घेऊन मुक्कामाला नांदेडकडे नाहीतर परभणीकडे जातात; त्यांतली दहावीस जरी आखाड्यावर वळली तरी झाले. आणि तिसरे कारण सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. औंढ्याजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ची मोठी प्रयोगशाळा व्हायची आहे. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. दूरच्या आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की त्याची थरथर इथे मोजायची. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला शेवटची मंजुरी दिली. ही जागा निवडताना जमीन किती शांत आहे हे पाहिले गेले. “म्हणजे बघा काका,” चिरंजीव म्हणाले, “आमच्याकडे कारखाना नाही, रहदारी नाही, म्हणून सगळे मागासलेले म्हणायचे. त्याच गोष्टीला आता मोल आलं. शास्त्रज्ञ येतील, त्यांना राहायला जागा नको का?” मी शास्त्रज्ञांविषयी काही बोललो नाही. पण ज्या जिल्ह्याला १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळे होऊन पुरते तीन दशकेही झाली नाहीत, तिथल्या एका पोराने आपल्या गावच्या शांततेचा भाव काढावा, हे मला आवडले.

प्रत्यक्षात त्या रात्री शांतता नव्हती. हळदीचे दिवस होते. हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन, कापूस, तूर आहेच. पण पैशाचे पीक हळद. ‘वसमत हळद’ या नावाला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हे नऊ महिन्यांचे पीक. मृगाच्या आगेमागे बेणे लावायचे, आणि माघ-फाल्गुनात पाला कापून कंद काढायचे. काढलेली हळद तशीच विकत नाहीत. ती शिजवावी लागते, मग पंधरा दिवस उन्हात वाळवावी लागते, मग ढोलात घालून घासावी लागते, तेव्हा बाजारातले पिवळेधमक हळकुंड तयार होते. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक क्विंटल उरते. पूर्वी भट्टीवर मोठ्या कढया चढवीत; आता लोखंडी पिंपे आणि बॉयलर ट्रॅक्टरमागे जोडून मंडळी शेतोशेत फिरतात, आणि पाळी ज्याची येईल त्याने रात्र की दिवस हे पाहायचे नसते. आमच्या आखाड्याची पाळी नेमकी मी पोचलो त्या रात्री आली. रात्रभर वाफेचा फुसकारा, माणसांच्या हाका, आणि ओल्या मातीत सुंठ उकळावी तसा एक उग्र वास. चिरंजीव दोनदा येऊन माफी मागून गेले. मी त्यांना म्हटले, “अरे, मी हेच पाहायला पैसे देतो आहे. शांतता मला माझ्या घरीसुद्धा मिळते. मुले परगावी आहेत.”

पहाटे चारला मी बाहेर आलो तेव्हा चुलीपुढे जाळ दिसला. वहिनी भाकरी थापीत होत्या. घरचे सहा, सालगडी आणि त्याची बायको, हळद शिजवणारे पाच, आणि उजाडल्यावर हळद मोडायला येणाऱ्या बायकांपैकी ज्यांच्या फडक्यात नुसती चटणी असेल त्या दोघीतिघी, असा त्यांचा अंदाज होता. त्यात माझी एक. मी मोजीत बसलो; बत्तिसाव्या भाकरीला मोजणे सोडले. मधेच त्या उठून कोठ्यात गेल्या, दोन म्हशींचे दूध काढून आल्या, आणि पुन्हा परातीपुढे बसल्या. नऊ वाजता बांधावर मला न्याहारी मिळाली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. हळद शिजवणाऱ्यांच्या पंगतीत बसून मी ती खाल्ली. त्या वेळी मला वाटले, हा धंदा चालायला काहीच हरकत नाही.

तिसऱ्या प्रहरी चिरंजिवांनी बैलगाडीची सफर काढली. धोरणातल्या चित्रात बैलगाडी असतेच. लाल कंधारी बैलांची जोडी, अंगावर झुली, शिंगांना गोंडे. पण सालगडी मामा जुवाला हात लावीना. “रातभर हळद वाहून आलेत ते,” तो म्हणाला. “बैल कामाचे हायेत. आता त्येंला मिरवायला न्यायचं का?” मामा पाडव्यापासून पाडव्यापर्यंत सालाने राहतो; त्याच्या सालाच्या बोलीत पाहुण्यांना फिरवणे धरलेले नव्हते. मी गाडीत न चढता नदीपर्यंत पायी गेलो. चिरंजीव खट्टू झाले. त्यांच्या मनात पुढे मोट बसवायची होती, झोपाळा टांगायचा होता, फेट्यांची एक पेटी ठेवायची होती. मी एवढेच विचारले की, या आखाड्यावर मोट शेवटची कधी चालली होती? ते म्हणाले, आबांनाच ठाऊक. मग मोट पाहायला येणारा माणूस शेत पाहायला आला की नाटक, याचा विचार करावा, असे मी म्हणालो. त्यांनी मोटेचा नाद लांबणीवर टाकला; पेटीचा मात्र टाकला नाही.

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागली. औंढ्याचे दर्शन करून एक कुटुंब मुक्कामाला आले. नवरा-बायको आणि दोन मुले. माणसे भली होती. त्यांनी सांगितलेले बाराशे रुपये न कुरकुरता आगाऊ दिले. पण सकाळी ती उठली नवाला. तोवर चूल विझली होती, आणि वहिनी विळा-टोपली घेऊन शेताकडे निघाल्या होत्या. त्या परत फिरल्या. चहा झाला, पुन्हा एकदा झाला. मुलांना भाकरी चालेना, म्हणून वहिनींनी मुरमुरे भिजवून सुशीला केली. मराठवाड्यात हा न्याहारीचा झटपट पदार्थ, आणि मुलांना तो फार आवडला. मग अंघोळीला पाणी तापले. मग बाईंना पिठले कसे करतात ते पाहायचे होते, तेही झाले. धाकटी मुलगी मात्र आपण होऊन मोडणाऱ्या बायकांत जाऊन बसली, कंदापासून कांड्या सुट्या करू लागली, आणि हात कोपरापर्यंत पिवळे करून घेऊन आली. तिच्या आईने ते हात धुऊ दिले नाहीत. “शाळेत दाखवू दे,” म्हणाली. बारा वाजता मोटार गेली. वहिनींचा अर्धा दिवस शेतातून गेला होता, आणि मोडणाऱ्या बायकांच्या भाकरीला उशीर झाला म्हणून त्यांच्यातली एक दोन शब्द बोलली तेही त्यांना ऐकावे लागले होते.

त्या रात्री ढाळजेत बैठक बसली. प्रश्न वेगळाच निघाला. मी निघायच्या आधी माझे पैसे चुकते करू पाहत होतो, आणि आबांनी ते घेऊ देईनात. “त्या मोटारवाल्याचं घेतलं ते घेतलं,” आबा म्हणाले. “पण हे आपल्या पोराचे दोस्त. आमच्या पंगतीला बसले. जेवलेल्या माणसाकून पैसे घेऊन गावात तोंड कसं दाखवायचं?” मग ते मला उद्देशून बोलू लागले. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते ती सेनगाव, औंढ्याकडून याच मुलखातून जाते. शेकडो वारकरी. गावोगाव लोक पंगती घालतात. कोणी एका माणसाकडून एक पैसा घेतल्याचे आबांना आठवत नव्हते. “इथं नामदेवासाठी नागनाथाचं देऊळ फिरलं म्हणतेत,” ते म्हणाले. “आल्या माणसाकडं देव तोंड फिरवून बसतो, अन् आपण हात पसरायचा?”

युक्तिवाद बिनतोड होता. अण्णा गप्प राहिले, चिरंजीव वहीत पाहू लागले. त्या वहीत त्यांनी एका पाहुण्याचा खर्च मांडला होता: वीज, चादरींची धुलाई, दूध, ज्वारी, भाजी, चहा-साखर, सरपण. उरलेले सगळे नफा म्हणून खोल्यांच्या कर्जाला वळते.

सासऱ्यापुढे मोठ्याने न बोलणाऱ्या वहिनी दाराच्या आतून बोलल्या. “आबा, पालखी सालातून एक डाव येती. तिला भाकर घालायला मला कोणी सांगावं लागत नाही. पण हे लोक बारा महिने येणार. बारा महिने येणाऱ्याला पाव्हणा कसं म्हणावं?”

आबा काही बोलले नाहीत. वहिनींनी हात पुढे करून चिरंजिवांकडून वही घेतली. त्या सातवीपर्यंत शिकल्या आहेत आणि गावच्या बचत गटाचा हिशेब त्यांच्याकडेच असतो. दिव्याखाली त्यांनी पान वाचले, बोट खालपर्यंत नेले, आणि लेकाला विचारले, “लेकरा, ज्वारी मांडलीस, सरपण मांडलंस. ह्यात माझे हात कुठं हायेत?”

चिरंजीव चपापले. “माय, तू घरचीच की.”

“घरचीच हाय. म्हणून इचारते. हळद मोडायला बाई तीनशे रुपये रोजानं येती. आज माझा अर्धा दिवस त्या मोटारीपायी गेला. बाई बाहेरून लावली असती तर तू वहीत लिहिलं असतंस का नसतं?”

ढाळजेत कोणी हलले नाही. आबांचा मुद्दा धर्माचा होता आणि चिरंजिवांचा व्यवहाराचा. पण दोघांच्याही हिशेबात भाकरी आपोआप होत होती. आपल्या अतिथिधर्माची आपण जी थोरवी गातो तिच्यात ही एक गोष्ट नेहमी गृहीत असते. अतिथी देव खरा. त्याला नैवेद्य मात्र पहाटे चारला उठून दुसरेच कोणी करते, आणि पुण्य ढाळजेत बसलेल्याच्या नावे जमा होते. पाहुणा वर्षातून चारदा येई तोवर हे झाकून राहिले. तो रोज येऊ लागला, पैसे देऊ लागला, तेव्हा त्या पैशानेच ते उघडे पडले. पैशाने आतिथ्य बाटते अशी माझीही समजूत होती. त्या रात्री मी पाहिले की पैशाने कधीकधी आतिथ्य कोण करते आहे हे कळते.

मग वहिनींनीच अटी सांगितल्या. न्याहारी एकच शिजेल. जी गड्यांची तीच पाहुण्यांची. ती नऊला बांधावर मिळेल, नंतर उठणाऱ्याला ताक आणि गार भाकरी. लहान मुलांसाठी तेवढी सुशीला. पेरणीचे दिवस आणि हळद लावायचा आठवडा खोल्या बंद. बैल दमलेले असतील तर गाडी नाही. आणि न्याहारीचे पैसे खोलीच्या पैशांत मिसळायचे नाहीत. ते वेगळे, आणि ते बचत गटाच्या खात्यात त्यांच्या नावावर. बाराशेतले किती, यावर मायलेकांची थोडी ओढाताण झाली, आणि तीनशेवर तोड निघाली. तीनशेच का, हे सर्वांना कळले.

या अटी ऐकताना मला इटलीची आठवण झाली. तिकडे शेतकऱ्याने पाहुणे ठेवण्याची रीत फार पसरली आहे, आणि १९८५ सालच्या डिसेंबरात तिच्यासाठी त्यांनी कायदा केला. त्या कायद्यातले मुख्य तत्त्व असे की, पाहुणचार शेतीला जोडून आणि शेतीला पूरक असला पाहिजे. शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे. खोल्या वाढल्या आणि नांगर गंजला तर ते शेत उरत नाही, खानावळ होते. ज्या गोष्टीला इटलीच्या लोकसभेला कलमे लिहावी लागली ती वहिनींनी उंबऱ्याआडून पाच वाक्यांत सांगितली. त्यांना इटली ठाऊक नव्हती. आपला दिवस किती तासांचा आहे, हे ठाऊक होते.

सकाळी मी पैसे दिले. खोलीचे चिरंजिवांच्या हातात आणि न्याहारीचे वहिनींच्या. आबांनी तेवढ्यापुरते तोंड दुसरीकडे केले. पण त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. निघताना त्यांनी सव्वाशेर हळद माझ्या पिशवीत घातली, आणि तिचे पैसे मी विचारले असते तर काठी उचलली असती. वहिनींनी नोटा मोजल्या. मला वाटले होते त्यांना संकोच वाटेल. त्यांनी अगदी निवांतपणे मोजल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, पुढच्या डावाला हुरड्याला या. तेव्हा पाव्हणे म्हणून या, मंडळींना घेऊन. पैसे नका आणू.” म्हणजे त्यांच्या मनात पाहुणा आणि गिऱ्हाईक यांची दोन दारे आता स्पष्ट होती, आणि कोणाला कोणत्या दाराने घ्यायचे ते त्या स्वतः ठरवणार होत्या.

या धंद्याने हिंगोलीचा शेतकरी तरेल असे मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याची शेते पाण्याखाली गेली. आमच्या आखाड्यावरचे सोयाबीन उभ्या उभ्या कुजले. त्या महिन्यात एकही पाहुणा आला नाही. येणार कसा, पुलावरून पाणी होते. ज्या संकटात शेत बुडते त्याच संकटात पाहुणाही वाटेत अडकतो, एवढे या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे. पण पाऊस ओसरल्यावर वाफसा आला, आणि रब्बीचा हरभरा पेरायला बियाणे हवे होते. कर्जाची खाती भरलेली होती. ते बियाणे बचत गटातल्या त्या वेगळ्या खात्यातून आले. चिरंजिवांनी मला फोनवर हे सांगितले तेव्हा त्यांचा आवाज जरा बदललेला होता. “काका,” ते म्हणाले, “मायच्या भाकरीनं पेरणी केली औंदा.”

दिवाळीच्या सुट्टीत, किंवा पुढे मार्गशीर्ष-पौषात ज्वारी हुरड्यावर येईल तेव्हा, वाचकांपैकी पुष्कळ जण अशा एखाद्या शेतावर जायचे बेत करीत असतील. जरूर जावे. औंढ्याच्या देवळावरचे कोरीव काम पाहावे, नरसीला कयाधूच्या काठी घटकाभर बसावे. शेतावर मात्र आपले घड्याळ पिशवीत ठेवावे आणि घराच्या घड्याळाने उठावे. बैल उभे असतील तर उभे राहू द्यावेत. मुलांना मातीत हात घालू द्यावेत, आणि ते लगेच धुऊ नयेत. आणि निघताना हिशेब चुकता कराल तेव्हा एक चौकशी करावी: न्याहारी कोणी केली? बहुधा ती बाई चुलीमागे किंवा शेतात असेल. तिला बोलवावे, नाहीतर बांधापर्यंत चालत जावे, आणि त्या भाकरीचे पैसे तिच्याच हातात द्यावेत. ती मोजून घेईल. तिला मोजू द्यावे.